लॅम्डा ५ ईसी की ४.९ सीएस, आणि प्रत्येक पंपात स्टिकर हवाच का?

प्रश्न : पोफळीवाला, सत्तरी

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित बागायत आहे. खाली पाटाच्या पाण्यावर पोफळी, माड आणि मिरी यांचे कुळागर, वरच्या डोंगरउतारावर काजू आणि घरामागच्या भाटात मानकुराद आंब्याची काही जुनी झाडे आहेत. हंगामाची औषधे आणायला गेलो असता काजूवरील ढेकण्यासाठी, म्हणजे टी मॉस्किटो बगसाठी, दुकानदाराने लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे एकच औषध ५ टक्के ईसी आणि ४.९ टक्के सीएस अशा दोन स्वरूपांत दाखवले. टक्केवारी जवळजवळ सारखी असताना दोहोंच्या किमतीत बराच फरक होता आणि त्याचे कारण विचारल्यावर ‘दुसरे नवीन आहे, चांगले आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. शिवाय कोणतेही औषध घेतले तरी त्यासोबत औषध पानाला चिकटवणाऱ्या सिलिकॉन स्टिकरची छोटी बाटली घ्यावीच लागेल, नाहीतर आपल्याकडच्या पावसात औषध टिकणार नाही, असे सांगण्यात आले.

माझ्या शंका अशा आहेत. ईसी आणि सीएस यांत नेमका फरक काय आहे आणि काजूसाठी कोणते स्वरूप योग्य ठरेल? स्टिकर प्रत्येक फवारणीत घालणे खरोखर गरजेचे आहे का? माझ्या शेजाऱ्यांनी मानकुरादच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी या दोहोंसाठी लॅम्डा ५ ईसी, पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक आणि सिलिकॉन स्टिकर एकाच पंपात घालून भर दुपारी फवारले, तेव्हा दोन दिवसांत मोहोराची टोके करपून तपकिरी झाली. यात दोष औषधाचा होता, स्टिकरचा की मिश्रणाचा? शेवटची शंका पोफळीबद्दल आहे. सुपारीचे घड कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी आम्ही मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात राळ आणि सोडा शिजवून घालतो. त्याऐवजी ही बाटली वापरली तर चालेल का? पंपात आमचे झऱ्याचे पाणी घेतले की या बाटलीमुळे फेस फार येतो, हेही नमूद करतो.

प्रतिसाद १ : प्रयोगशाळेतला, फोंडा

मी काही वर्षे कीटकनाशकांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ईसी म्हणजे पाण्यात मिसळताच दुधाळ होणारे तेलकट द्रावण. ५ टक्के ईसीच्या बाटलीत कीड मारणारा घटक शंभरातील पाच भागच असतो आणि उरलेले पंचाण्णव भाग काय आहेत यावरच ती बाटली पंपात, पानावर आणि माणसाच्या कातडीवर कशी वागेल हे ठरते. लॅम्डा सायहॅलोथ्रिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून ते आधी पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या सुगंधी वर्गातील द्रावकात, पूर्वी बहुतेक वेळा झायलीनमध्ये आणि आता त्याच जातीच्या जड द्रावकांत, विरघळवतात आणि त्यात इमल्सीकारके, म्हणजे तेल पाण्यात बारीक थेंबांत विखुरून ठेवणारी द्रव्ये, घालतात. ही इमल्सीकारके सहसा जोडीने असतात : एक विद्युतभार असलेले, उदाहरणार्थ डोडेसिल बेंझीन सल्फोनेटचा कॅल्शियम क्षार, आणि दुसरे भाररहित, उदाहरणार्थ एरंडेलापासून बनवलेले इथॉक्सिलेट. पाणी मऊ असो वा जड, तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळून वर तरंगू नयेत यासाठी या दोहोंचे प्रमाण जुळवलेले असते. प्रयोगशाळेत आम्ही ३४२ पीपीएम जडपणाचे प्रमाणित पाणी तयार करून त्यात नमुना मिसळतो, मोजपात्र तासभर स्थिर ठेवतो आणि वर साय किंवा तळाशी तेल साचते का ते पाहतो. आपण बाटलीतले औषध पाण्यात ओतता तेव्हा ते दुधासारखे पांढरे होते, ते याच रचनेमुळे. अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात सक्रिय घटकाखाली द्रावक आणि इमल्सीकारक यांची टक्केवारी बारीक अक्षरांत छापलेली असते. ते पत्रक दुकानातच टाकून देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

सीएस म्हणजे सूक्ष्मकुपींचे निलंबन. यात औषधाचे थेंब काही मायक्रॉन आकाराच्या पॉलिमरच्या कवचात बंद केलेले असतात आणि त्या कुप्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या असतात. फवारा वाळल्यावर कवचातून औषध हळूहळू बाहेर येते. औषध मोजताना द्रावकाची वाफ नाकात कमी जाते आणि लॅम्डासारख्या सिंथेटिक पायरेथ्रॉईडमुळे चेहऱ्याला व मानेला जी मुंग्या आल्यासारखी जळजळ होते, तीही पुष्कळ कमी होते. किमतीतला फरक मुख्यतः ही कुपी बनवण्याच्या खर्चामुळे पडतो. मात्र सक्रिय घटक तोच असल्यामुळे सीएस घेतले म्हणून कीड अधिक मरेल असे मानण्याचे कारण नाही. पुत्तूर येथील काजू संशोधन संचालनालयाच्या शिफारशीप्रमाणे ढेकण्यासाठी ०.००३ टक्के तीव्रता लागते, म्हणजे ५ ईसी एका लिटरला ०.६ मिलिलिटर आणि १६ लिटरच्या पंपाला साधारण १० मिलिलिटर. झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडून मापाचा पेला किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

आता स्टिकर. या नावाखाली दुकानात तीन निरनिराळी कामे करणारी द्रव्ये विकली जातात. काही द्रव्ये थेंब पसरवतात, काही औषधाचा थर पानाला चिकटवून ठेवतात आणि काही औषध पानाच्या आत शिरायला मदत करतात. सिलिकॉनची बाटली पहिले काम अतिशय जोरात करते आणि तिसरेही करते, परंतु दुसरे, म्हणजे पावसात थर धरून ठेवण्याचे काम, तिच्याकडून फारसे होत नाही, आणि दुकानदार ती विकतो मात्र त्याच नावावर. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साध्या प्रसारकाने तो ३० च्या आसपास येतो आणि ट्रायसिलोक्झेन जातीच्या सिलिकॉनने २० ते २२ पर्यंत उतरतो. इतका खाली आला की पाणी पानाच्या रंध्रांतूनही आत शिरू शकते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणाऱ्या, औषधाला किंवा अळवासारख्या मेणचट पानावर याचा उपयोग आहे. पण ईसीमध्ये इमल्सीकारकांच्या रूपाने पसरवणारे द्रव्य आधीच असते, त्यावर आणखी सिलिकॉन घातले की थेंब इतका पातळ पसरतो की तो पानावर थांबतच नाही, काठावरून ओघळतो आणि पानावर राहणारे औषध वाढण्याऐवजी घटते. फवारताना पानांच्या टोकांवरून संततधार टपकताना दिसली तर ते चांगल्या फवारणीचे लक्षण समजू नये.

शेजाऱ्यांच्या मोहोराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गंधक आणि तेलकट द्रावक यांचे एकमेकांशी पटत नाही. तेलाची फवारणी आणि गंधकाची फवारणी यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे असा नियमच आहे आणि तापमान ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर एकटे गंधकसुद्धा कोवळा भाग भाजते. येथे द्रावक, गंधक आणि त्या दोहोंना पेशींपर्यंत नेऊन सोडणारे सिलिकॉन, अशी तिन्ही द्रव्ये भर उन्हात कोवळ्या मोहोरावर एकत्र आली. प्रत्येक बाटली आपापल्या जागी निर्दोष असली तरी मिश्रण घातकच होते. भुरीसाठी गंधक आणि तुडतुड्यांसाठी ईसी वेगवेगळ्या दिवशी, पुरेसे अंतर ठेवून, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे.

फेसाचे कारण आपले पाणी आहे. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील झऱ्यांचे आणि विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि मऊ पाण्यात अशा द्रव्यांचा फेस अधिक होतो. यावर फेसनाशक विकत घेण्याची गरज नाही. पंप तीन चतुर्थांश भरून मग औषध घालावे, उरलेले पाणी नळी बुडवून शांतपणे भरावे आणि सिलिकॉन वगळावे. पाणी जड असल्यास घालायची म्हणून जी द्रव्ये विकली जातात, ती सत्तरीत विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, तेथे मात्र इमल्शन फाटण्याचा धोका खरा आहे.

प्रतिसाद २ : काणकोणची बाग

वरील माहिती मोलाची आहे, परंतु सीएसबद्दल एक गोष्ट राहिली आहे आणि ती काजूवाल्यांसाठी महत्त्वाची आहे. काजूवर फवारणी नवी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन अवस्थांत सुचवली जाते. यातील मोहोराच्या अवस्थेत मधमाश्या आणि इतर कीटक फुलांवर असतात. सूक्ष्मकुपीचा आकार परागकणाच्या जवळपास जातो आणि अशी कुपी माशीच्या अंगावरील लवेला चिकटून परागाबरोबर पोळ्यात जाऊ शकते. अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑन सूक्ष्मकुपींच्या स्वरूपात आल्यानंतर हाच अनुभव आला : शेतात मरण्याऐवजी माशा ते विष पोळ्यात साठवून ठेवू लागल्या. लॅम्डा सायहॅलोथ्रिन मधमाशीला अतिशय विषारी आहे, मग ते कोणत्याही स्वरूपात असो. म्हणून हळूहळू सुटणारे औषध उमललेल्या मोहोरावर मी तरी वापरणार नाही. पालवीच्या वेळी, फुले नसताना, सीएस घ्यायला माझी हरकत नाही. मोहोरावर ढेकण्याचा उपद्रव खरोखर दिसला तरच ईसी वापरावे आणि तेही माशा परतल्यावर, संध्याकाळी. आणखी एक सूचना अशी की आपण घेणार ते स्वरूप काजूसाठी शिफारस केलेले आहे का, हे पत्रकावर पाहून घ्यावे. एका स्वरूपाची शिफारस दुसऱ्या स्वरूपाला आपोआप लागू होत नाही.

पोफळीच्या बाबतीत मी ठामपणे सांगतो की राळ-सोडा सोडू नका. कोळेरोगाविरुद्ध बोर्डो मिश्रण वापरण्याची पद्धत म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास बसवली आणि आजही घाटाच्या दोन्ही बाजूंच्या पोफळी तिच्यावर उभ्या आहेत. मूळ मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षांच्या केवडा रोगासाठी मांडले, पण तेथील पाऊस आणि आपल्याकडचा वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात जाणारा पाऊस यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणूनच आपल्याकडे चिकटवणाऱ्या द्रव्याची गरज खरी आहे. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना एकत्र आल्यावर जो निळा, बुळबुळीत साका तयार होतो, तो ताजा असतानाच घडावर पातळ पापुद्र्यासारखा वाळतो आणि धरून राहतो. मिश्रण रात्रभर ठेवले की साक्याचे कण मोठे होतात, तळाशी बसतात आणि त्यांची चिकटण्याची शक्ती जाते, मग त्यात कोणतीही बाटली ओतली तरी ती परत येत नाही. दोन भाग राळ आणि एक भाग धुण्याचा सोडा पाण्यात गडद तपकिरी होईपर्यंत शिजवले की राळेचा साबण तयार होतो. त्याचा बोर्डोतील चुन्याशी संयोग झाला की न विरघळणारा थर बनतो आणि तोच सुपारीच्या गुळगुळीत सालीवर तांब्याला धरून ठेवतो. सिलिकॉनची गोष्ट उलटी आहे. ते साधारण ६ ते ८ सामूच्या पाण्यातच टिकते, चुन्याच्या अल्कधर्मी मिश्रणात त्याचे लवकर विघटन होते आणि विघटन होण्याआधी त्याने काही केलेच तर घडावरचा थर ओघळवून खाली सोडील.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो ताजा कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण आपणास माहीत असणारच. चुना जुना, हवेने मेलेला असेल तर मिश्रण आम्लधर्मी राहते आणि कोवळे घड करपतात. त्यासाठी घासून स्वच्छ केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी आणि लेप चढणे थांबेपर्यंत हे करावे. मोरचूद लोखंडी भांड्यात कधीही विरघळवू नये. पहिली फवारणी पाऊस लागण्यापूर्वी आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून करावी. घडांवर फवारा वाळायला वेळ मिळाला नाही तर सगळा खर्च पाण्यात जातो, आणि झाडावर चढणाऱ्याचा जीव धोक्यात घालून केलेली ती मेहनतही. बोर्डोमध्ये दुसरे कोणतेही कीटकनाशक मिसळू नये, कारण मॅलॅथिऑन, डायमेथोएटसारखी अनेक औषधे अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होतात.

प्रतिसाद ३ : मानशीकडचा, तिसवाडी

मी खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या, बाजूने लिहितो, कारण सत्तरीच्या पाटात धुतलेल्या पंपाचे पाणी शेवटी आमच्या मानशीपाशी (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याच्या दारापाशी) पोचते. पायरेथ्रॉईड जातीची औषधे मासे आणि सुंगटे (कोळंबी) यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात आणि तांबेही त्यांना सोसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण स्टिकर म्हणजे नुसता साबण, त्याने काय होणार, असे समजून त्याच्या बाटल्या पाण्यात विसळल्या जातात. ग्लायफोसेटच्या तणनाशकांत घातले जाणारे टॅलोअमाईन जातीचे सहायक द्रव्य मासे आणि बेडकांच्या पिल्लांना मूळ ग्लायफोसेटपेक्षाही अधिक घातक ठरले, आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने ग्लायफोसेटबरोबर ते वापरण्यास बंदी घातली. स्वस्त प्रसारकांत येणारी नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटे पाण्यात विघटित झाल्यावर जे नॉनिलफिनॉल उरते, ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. त्यांच्या वापरावर युरोपात २००३ पासूनच कडक निर्बंध आहेत. आपल्या दुकानातील स्टिकरच्या बाटलीवर पाहा : कीटकनाशकावर असतो तसा विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण बहुधा दिसणार नाही आणि आत काय आहे हेही क्वचितच लिहिलेले असते. ज्या द्रव्याचे घटक सांगितले जात नाहीत, ते वाहत्या पाण्याच्या कुळागरात मी गरज सिद्ध झाल्याखेरीज वापरणार नाही. पंप धुतलेले पाणी ज्या पिकावर फवारले त्याच झाडांच्या बुंध्याशी, पाटापासून दूर ओतावे.

पोफळीवाला, सत्तरी

तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, देव बरें करूं. पालवीला सीएस, मोहोरावर गरज पडली तरच संध्याकाळी ईसी, दोन्ही स्टिकरशिवाय, आणि पोफळीला पूर्वीप्रमाणे राळ-सोडा, असे मी ठरवले आहे. आता एक व्यावहारिक शंका. मांगरात (बागेतल्या खोपटात) गेल्या हंगामातील ईसीची अर्धी बाटली शिल्लक आहे आणि तिच्या तळाशी काहीतरी बसलेले दिसते. ती वापरता येईल का? तसेच फवारणीला येणारा गडी हातमोजे म्हणून घरकामाचे पातळ रबरी मोजे वापरतो, ते पुरेसे आहेत का?

प्रतिसाद ४ : प्रयोगशाळेतला, फोंडा

आधी मोज्यांविषयी. सुगंधी द्रावक पातळ साध्या रबरातून थोड्याच वेळात आरपार जाते आणि जाताना औषधालाही बरोबर नेते. मोजा हातात असल्यामुळे ते कातडीशी दाबून राहते, म्हणजे धोका उलट वाढतो. ईसी हाताळताना मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड नायट्राईलचे मोजे हवेत. सर्वांत धोक्याची वेळ फवारण्याची नसून मूळ बाटलीतून औषध मोजण्याची असते, कारण तेव्हा ते पाण्याने पातळ झालेले नसते. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. तोंडाला बांधलेला टॉवेल द्रावकाची वाफ अडवत नाही. आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी : ईसी चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये. उलटीतून द्रावक फुप्फुसांत शिरते आणि त्याने होणारा दाह मूळ औषधाइतकाच जीवघेणा ठरू शकतो. १०८ ला फोन करून रुग्णाला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यावे आणि बाटली किंवा तिचे पत्रक सोबत द्यावे, कारण डॉक्टरांना सक्रिय घटकाइतकीच द्रावकाचीही माहिती लागते.

आता बाटलीविषयी. प्रथम तिच्यावरील मुदत पाहावी. मुदत संपली असेल तर पुढची परीक्षा करण्याची गरजच नाही. मुदत शिल्लक असल्यास पारदर्शक काचेच्या बाटलीत आपले झऱ्याचे एक लिटर पाणी घेऊन त्यात सिरिंजने ०.६ मिलिलिटर औषध सोडावे, झाकण लावून दहा-बारा वेळा उलटसुलट करावे आणि तासभर सावलीत ठेवावे. मिश्रण सर्वत्र सारखे दुधाळ राहिले, वर साय किंवा तेलाचा तवंग आला नाही आणि तळाशी थेंब वा खडे दिसले नाहीत, तर इमल्सीकारके अजून काम करत आहेत असे समजावे. तवंग आला तर ते औषध वापरू नये, कारण पंपातून पहिल्या झाडांवर जवळजवळ पाणी आणि शेवटच्या झाडांवर दाट औषध पडेल आणि ती झाडे भाजतील. मूळ बाटलीच्या तळाशी स्फटिकासारखे खडे असतील तर सक्रिय घटकच द्रावणातून बाहेर पडलेला असण्याची शक्यता आहे आणि वरचे औषध निर्बळ झालेले असेल. सीएस किंवा एससी (घन कणांचे पाण्यातील निलंबन) स्वरूपात मात्र थोडा साका बसणे स्वाभाविक असते. बाटली नीट हलवल्यावर तो एकजीव झाला, तर औषध बिघडलेले नसते. ही परीक्षा चष्मा आणि मोजे घालूनच करावी, काचेची बाटली पुन्हा घरात वापरू नये आणि औषध टाकून द्यायचे ठरल्यास ते मूळ बाटलीतच बंद ठेवून त्याची विल्हेवाट कशी लावावी हे वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारावे.